मामा कुस्ती मारून आला

मित्रांनो, मी सलाईनचा एक जुना स्टँड. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळ माझी जागा. रंग उडालाय, एक चाक अडतं, पण बाटली कधी पडू दिली नाही हो!

कागलची स्नेहल दर महिन्याला माझ्याकडे यायची. तिला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त टिकायचंच नाही, दुसऱ्याचं चढवावं लागायचं. माझ्या हुकाला पिशवी लागली की दुपारपर्यंत पोरीच्या ओठांवर रंग यायचा आणि जीभ चुरूचुरू चालायला लागायची.

त्या काळी तिथल्या रक्तपेढीतून एक पिशवी घ्यायची, तर बदल्यात एक द्यावी लागे. आईबापांच्या रक्तातही कमतरता, म्हणून डॉक्टर त्यांचं घेत नसत. नातेवाईक पाळीपाळीनं देत. त्यात सगळ्यांत मोठ्या आवाजाचा जयसिंगमामा, तालमीतला पैलवान. मला दांड्याला धरून गदागदा हलवायचा नि म्हणायचा, "पुढच्या बारीला मी हाय की! पिशवी काय, घागरभर देतो." स्नेहल खुदकन हसायची. मीही भुललो. एवढा धिप्पाड गडी शब्द मोडेल, असं कुणाच्या मनात येईल?

१९९७ चा मे महिना होता. पेढीत रक्ताचा खडखडाट. आठ वर्षांची स्नेहल आईच्या कडेवर आली, चार पावलं चालली तरी धापा टाकत होती. त्या दिवशी पाळी मामाची. सकाळ गेली, दुपार गेली, मामाचा पत्ता नाही. शेवटी तिच्या आईनं, शालूबाईनं, वॉर्डातून तालमीत फोन लावला.

"दादा, आरं पोरगी पांढरीफटक पडलीया! कुस्ती? आन् हिचं काय?"

फोन ठेवून ती नर्सबाईंना म्हणाली, "उद्या आजऱ्याला कुस्ती हाय. रक्त दिलं की अंगातला कस जातोय म्हणं. वस्ताद सोडंना झाल्यात."

कस जातो! अरे, इथं पोरीचा जीव जायची वेळ आली होती. माझा हूक रिकामा आणि ती दाराकडं डोळे लावून पडलेली. इतका संताप मला कधी आला नव्हता.

निरोप कळताच दुसऱ्या दिवशी स्नेहलच्या गल्लीतला ज्ञानू शिंपी पहिल्या एस.टी.नं आला. अगदी काडीपैलवान माणूस! गुमान रक्त दिलं, चहा प्यायला आणि गेला. माझ्या हुकाला पिशवी लागली, पोर वाचली.

तिसऱ्या दिवशी मामा आला. कपाळाला गुलाल, हातात पेढे. "कुस्ती मारली बघ, पोरी!" म्हणत त्यानं डोक्यावरचा फेटा काढून माझ्या हुकाला अडकवला. जिथं त्याच्या शब्दाची पिशवी लागायची होती, तिथं फेटा! मला हात असते तर खिडकीबाहेर भिरकावला असता.

स्नेहलनं पेढा घेतला नाही. "मामा, मी तुझी लई वाट बघितली," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं वळली. मामानं फेटा हुकावरून काढून काखेत मारला.

पुढं मामा कधी चुकला नाही. पाळीच्या दिवशी बाही वर करून सगळ्यांच्या आधी वॉर्डात हजर असायचा. पण मित्रांनो, आजारी माणसाला शब्द देताना दहादा विचार करा. मामा समोर उभा असतानाही स्नेहल आईच्या कानात म्हणायची, "आई, ज्ञानूकाकास्नी पण बोलवून ठेव."