वेष्टनातले वेब डिझाइन

मित्रांनो, माझे पहिले पान वाळवीने खाल्ले, म्हणून गोष्ट दुसऱ्या पानापासून ऐका. मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. वेबसाइट कशी तयार करावी, हा माझा विषय. निपाणीच्या वीरेंद्रने कॉलेजात असताना मला बेळगावहून आणले, चार पाने वाचली आणि कपाटात ठेवले. पुढे तो घरच्या मिरचीच्या वखारीत बसू लागला आणि मला विसरला.

प्रकरण दुसरे : माझी भरभराट

वीरेंद्रची आई राजमती दरवर्षी श्रुतपंचमीला, म्हणजे आम्हा जैनांच्या ग्रंथपूजेच्या दिवशी, घरातली शास्त्रे काढते, झटकते, नव्या कापडात बांधते आणि पूजते. एका वर्षी माझी जाडी पाहून तिने मलाही पिवळे वेष्टन बांधले. झाले! अक्षता, उदबत्ती, नमस्कार. कॉलेजची बाकीची पुस्तके रद्दीत गेली, मी पाटावर. उघडले कुणीच नाही, पण मान केवढा!

प्रकरण चौथे (बाइंडरने तिसऱ्याच्या आधी लावले, पण गोष्ट अशीच घडली)

वीरेंद्रची मुलगी श्रद्धा. बेळगावच्या एका कचेरीत वेबसाइट करायला शिकाऊ मुलगी हवी होती. सोमवारी एक पान करून दाखवायचे.

"जमलं तर जा," वीरेंद्र म्हणाला. "न्हाय तर वखारीत बस. मिरची वाट बघायलीया."

श्रद्धाने मोबाइलवर शोधले. इतके सापडले की कुठले वाचावे कळेना. त्याच आठवड्यात श्रुतपंचमी आली आणि वेष्टन बदलताना माझे नाव तिला दिसले.

"आज्जी, हे तर वेब डिझाइनचं हाय!"

"हात धुऊन घे आधी," राजमती म्हणाली. "पाटावरचं हाय ते. खोटं नसतंय."

मग काय! तिने घरच्या मिरचीच्या वखारीचे पान करायला घेतले. मी म्हणालो, काळ्या रंगावर पिवळी अक्षरे, तिने केली. मी म्हणालो, नाव सरकते ठेवा, तिने सरकवले. मी म्हणालो, लुकलुकणारी चित्रे लावा. लावली. मी वेष्टनात फुलून गेलो.

प्रकरण तिसरे : माझी फजिती

रविवारी तिची मैत्रीण अक्षरा आली. ती बेळगावात हेच काम करते. तिने मोबाइलवर पान उघडले.

"अगं, तुझी मिरची पळून चाललीया की! आणि हे लुकलुकतंय काय? वरात हाय व्हय?"

"ग्रंथात तसंच लिवलंय," श्रद्धा म्हणाली.

अक्षराने मला चाळले. एका चित्रावर बोट ठेवले. "ह्यो संगणक हाय का तिजोरी? साल कुठाय पुस्तकाचं?"

"वाळवीनं खाल्लं."

"लई हुशार वाळवी! नेमकं तेच खाल्लं." मग ती मऊ आवाजात म्हणाली, "वाचायला काय बी वाच गं. पण आधी साल बघ. वाचलं की लगेच करून बघ, मोबाइलवर बी. आणि ज्यांनी ही कोडची भाषा केलीया, त्यांनीच लिवलेलं वाच. बदल झाला की ते आपलं पान बी बदलत्यात."

"मग ह्याला रद्दीत घालू?"

माझी पाने थरथरली, मित्रांनो. (इथे एक डाग आहे. तो पाण्याचा नाही.)

"रद्दीत?" राजमती आतून आली. "बदललंय तर कडंला लिव्ह की! आमच्या मुनींनी जुन्या ग्रंथांवर टिपाच लिवल्या. टाकून न्हाय दिलं कुणी."

श्रद्धा दिवसभर नवे वाचत होती, करून बघत होती आणि माझ्या समासात पेन्सिलने लिहीत होती : 'हे आता चालत नाही. का ते इथे वाचा.' फक्त एका ओळीपुढे तिने लिहिले, 'अजून खरे.' ती ओळ अशी : पाहुण्याला हवे ते आधी दाखवा.

प्रकरण पाचवे

सोमवारी मी तिच्या पिशवीतून बेळगावला गेलो. तिच्या नव्या पानावर मिरची जागच्या जागी उभी होती. कचेरीतल्या साहेबांनी ते पाहून मान डोलावली. मग पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे बघून विचारले, "हे काय?"

"आमच्या पाटावरचं," श्रद्धा म्हणाली.

ते समास वाचत बसले. हसलेही. "उद्यापासून या. ह्याला बी आणा."

आता मी रोज बसने जातो. श्रुतपंचमीला मात्र घरी असतो. राजमती गाठ मारण्याआधी विचारते, "औंदा काय बदललं गं? आधी लिव्ह, मग अक्षता."

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा, नमस्कार केलात तरी चालेल. पण मला उघडा, आणि माझ्या जाडीला भुलू नका. माझे साल आता मुखपृष्ठावर आहे. मला कधी आणले ते वीरेंद्रला विचारून श्रद्धाने लिहिले, मिरचीच्या रंगात.

(पुढचे पान कोरे आहे. तुमची पेन्सिल कुठे आहे?)