पाचनंतरची रिकामी खोली

मुलांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. लांबट, तळमजल्यावरची, एका बाजूला तीन खिडक्या असलेली. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या आहेत. फरशी इतकी लख्ख की वरचा दिवा खाली दिसावा. कपबशा धुऊन पालथ्या घातल्या आहेत. आता सांगा बघू, या खोलीत दिवसभर काय चाललं असेल?

काहीच नाही, असंच म्हणालात ना? पाच मोठ्या माणसांनीही तेच म्हटलं होतं. ती काही वाईट माणसं नव्हती बरं का. दमलेली होती.

त्या पाच जणांची एक समिती होती. गाव दरवर्षी थोडे पैसे माणसांच्या अडीनडीसाठी बाजूला काढत असे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना डबा पोचवणारे, अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणारे, आजाऱ्यांना दवाखान्यात ने-आण करणारे, असे सगळे समितीकडे येत. पैसे मूठभर आणि पसरलेले हात पुष्कळ. कुणाला द्यायचं हे समितीनं ठरवायचं, आणि दिल्यावर काम नीट चाललंय की नाही हेही तिनंच बघायचं. या कामाला पगार नव्हता. शिव्या मात्र भरपूर होत्या. ज्याला मिळालं तो म्हणे कमी मिळालं, आणि ज्याला नाही मिळालं तो रस्त्यात तोंड फिरवून जाई.

समितीच्या प्रमुख होत्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. सगळे त्यांना अध्यक्षबाई म्हणत. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासून संध्याकाळी त्यांचे स्वतःचे डोळे लाल होत. त्यांच्या शेजारी बसायचे ते बँकेतले रोखपाल. त्यांच्या माघारी लोक त्यांना शंकासुर म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

समितीचा एक नियम होता. काही वर्षांपूर्वी कुणी एकानं शिवणवर्गासाठी पैसे नेले होते. नंतर पाहतात तो तिथं ना मशीन, ना सुई, ना शिकणारं कुणी. तेव्हापासून ठरलं की समितीतल्या दोघांनी न कळवता जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि जे बघितलं नाही त्यासाठी हात वर करायचा नाही. नियम चांगला होता. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पाचही जण नोकरी-धंद्याची माणसं. त्यांना बघायला जायला वेळ मिळे तो साडेपाचनंतर.

आणि आपली ती खोली पाचला रिकामी होत असे.

त्या खोलीला सगळे दिवसघर म्हणत. ते लोकांच्या वर्गणीवर सुरू झालं होतं, आणि ती वर्गणी आता संपत आली होती. ज्या म्हाताऱ्या माणसांना आपलं घर, आपली मुलं, आजचा वार आठवत नाही, ती तिथं दिवसभर बसत. त्यांना सांभाळायला एक मावशी होत्या. सकाळी कुलूप काढणाऱ्या त्याच, चहा करणाऱ्या त्याच, आणि एकच गोष्ट दहादा ऐकून अकराव्यांदा ‘हो का?’ म्हणणाऱ्याही त्याच.

तिथं येणाऱ्यांत एक आजोबा होते. त्यांनी सारा जन्म बस चालवली होती. बाकी बरंचसं विसरले, पण बस विसरले नाहीत. दुपारचा चहा झाला की ते उठायचे, खुर्च्या दोन-दोन करून एकामागे एक लावायचे आणि सगळ्यांत पुढं जाऊन बसायचे. मग एकेक आजी-आजोबा चढायचे. एका आजीला कुठं जायचं ते कधीच सांगता यायचं नाही. आजोबा म्हणायचे, “बसा हो, शेवटपर्यंत नेतो तुम्हाला.” मावशी मागून ओरडायच्या, “चला, सुटू द्या!” तासभर ती खोली गावभर फिरून यायची.

पाचला आजोबांची नात त्यांना न्यायला यायची. तिचे पाय एका जागी ठरायचे नाहीत, म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. ती चौथीत होती. तिची आई दवाखान्याच्या धुलाईखात्यात काम करायची आणि उजाडायच्या आत घर सोडायची. सकाळी शाळेत जाताना आजोबांना सोडायचं आणि परतताना न्यायचं, हे भिंगरीचं काम.

दिवसघर निघण्याआधी काय व्हायचं? भिंगरी शाळेला निघताना बाहेरून कुलूप लावायची. दुसरा इलाज नव्हता. एकदा आजोबा बाहेर पडून नदीच्या पुलापर्यंत गेले होते. कुलूप लावलं की ते आतून दार वाजवायचे. शेजारची काकू सांगायची, दुपारपर्यंत वाजवतात. संध्याकाळी त्यांची बोटं सुजलेली असायची आणि कशानं सुजली हे त्यांना आठवत नसायचं.

सगळे घरी गेले की मावशी कंबर कसायच्या. बस मोडून खुर्च्या भिंतीला, कप विसळून पालथे, फरशीवरून दोनदा फडकं. मग कुलूप उघडं ठेवून पायरीवर जरा टेकायच्या. नेमक्या त्याच वेळी समितीचे दोघं येऊन बघून जात. दोनदा आले, दोन्हीदा तसंच.

समितीची बैठक नगरपालिकेच्या वरच्या दालनात होती. आई कामावरून तशीच आली होती, अंगाला साबणाचा वास येत होता. भिंगरी तिच्या मांडीवर अर्धवट झोपलेली. आजोबांना शेजारच्या काकूकडे ठेवलं होतं. दिवसघराची पाळी येईपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरले होते. डबेवाले भांडून गेले होते, गाडीवाले रडून गेले होते.

शंकासुरांनी घसा खाकरला. “आम्ही दोनदा गेलो. खुर्च्या रचलेल्या. फरशी कोरडी, चकचकीत. एक कपसुद्धा उष्टा नाही.”

मावशी मागच्या बाकावरून आनंदानं म्हणाल्या, “मग! आमच्याकडं कधीही या साहेब, असंच दिसेल.”

“तेच म्हणतोय मी,” शंकासुर म्हणाले. “कधीही गेलं तरी असंच दिसतं. तिथं कुणी येतं, असं वाटतच नाही.”

मावशींचा चेहरा पडला. “अहो, येतं म्हणजे? पंधरा जणं येतात! तुम्ही येता तेव्हा घरी गेलेली असतात. मी आवरून ठेवते, एवढंच. पाहुण्यांना काय खरकटं दाखवू?”

“खरकटं दिसलं असतं तर बरं झालं असतं, बाई.”

भिंगरीला बाकावर टेकवून आई उठली. तिला बोलायची सवय नव्हती. “माझे सासरे तिथं असतात,” ती म्हणाली. “दिवसभर असतात. त्यांना घरी एकटं...” पुढचं तिला जमेना. खाली बसली.

“तुम्ही खोटं बोलताय असं कुणी म्हणत नाही,” अध्यक्षबाई डोळे चोळत म्हणाल्या. “पण नियम आहे. बघितल्याशिवाय हात वर करत नाही आम्ही. शिवणवर्गाच्या वेळीही सगळे शपथेवर सांगत होते.”

“मग उद्या दुपारी या ना,” मावशी म्हणाल्या.

“दुपारी दुकान कोण बघणार? आणि यादी आज पक्की करायची आहे. आज नाही झाली तर डबेसुद्धा बंद पडतील.” त्यांनी चौघांकडे पाहिलं. “काय करायचं?”

कुणीतरी जांभई दिली. एकाचाही हात वर गेला नाही.

“पुढच्या वर्षी पुन्हा बघू,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण नुसतं वाईट वाटून कुणाचं कुलूप निघतं का?

जिना उतरताना मावशी म्हणाल्या, “माझंच चुकलं गं. नको तिथं हात चालवले.”

“तुमचं कसलं चुकलं,” आई म्हणाली. मग भिंगरीकडे न बघता बोलली, “सोमवारपासून दिवसघर बंद. कुलूप लावून जात जा. विसरू नकोस.”

भिंगरी पूर्ण जागी झाली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

सोमवारी आई अंधारातच गेली. भिंगरीनं आजोबांना दूध दिलं, त्यांचे केस विंचरले, दप्तर पाठीला लावलं. आजोबाही पायांत चपला घालून दाराशी येऊन उभे राहिले, रोजच्यासारखे. “चला, उशीर होतोय,” म्हणाले.

ती कुलूप हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली. मग त्यांचा हात धरून निघाली.

अध्यक्षबाई नुकतंच दुकान उघडत होत्या. “काय गं, चष्मा मोडला का आजोबांचा?”

“नाही. आजोबांनाच आणलंय.”

“म्हणजे?”

“दिवसघर बंद आहे ना. आई कामावर गेली. घरी कुलूप लावायचं होतं.” तिनं मान खाली घातली. “मला नाही लावता आलं.”

अध्यक्षबाईंच्या हातातला झाडू हातातच राहिला. आजोबा एव्हाना आत जाऊन बसलेही होते आणि भिंतीवरची लहान-मोठी अक्षरं मोठ्यानं वाचत होते.

“अगं, पण मी... माझी गिऱ्हाइकं यायची आता. मला कसं जमेल?”

“सोपं आहे,” भिंगरी म्हणाली. “ते पाणी मागत नाहीत, आपण विचारायचं. बाहेर निघाले तर ‘नको’ म्हणू नका, चिडतात. ‘जरा थांबा, मी पण येते’ म्हणायचं. तेच तेच विचारतात, पण प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागतं. मावशी देतात.”

“आणि किती वेळ?”

“तुम्हाला बघायचं होतं ना, दिवसभर काय असतं ते?” भिंगरी म्हणाली. ती उद्धटपणे बोलली नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं.

शाळेची घंटा ऐकू आली. भिंगरीनं वाकून आजोबांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं, “पाचला येते हं,” म्हणाली, आणि शाळेकडे पळत सुटली.