जावयासाठी वाकवलेली फांदी

वनरक्षकमामांना सगळे मानायचे ते एकाच गोष्टीसाठी: मामा जंगलात कशाला हात लावत नाहीत आणि लावू देत नाहीत. तिथला हिरवा विषारी साप आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरला होता. त्यातली एक मादी, पोटात पिल्लं घेऊन, अठरा दिवस एकाच फांदीवर बसून होती. या सापांचं असंच असतं. जागा धरली की धरली. सापांच्या अभ्यासाला आलेल्या तरुण बाई रोज पाच हातांवरून तिची नोंद घेत. पान तोडायचं नाही, फांदी हलवायची नाही, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला दरडावून सांगत.

आणि रविवारी जावई आले, गळ्यात नवाकोरा कॅमेरा अडकवून. लग्न झाल्यापासून सासऱ्याशी धड दहा वाक्यं न बोललेला हा माणूस म्हणाला, "बाबा, तुमचा तो साप दाखवा की!" झालं, मामा पाघळले. पन्नाशी उलटलेला माणूस असा पाघळतो, आता काय बोलायचं!

"पानांआड आहे हो, नीट येत नाहीये," जावई कुरकुरले.

"थांबा, जरा उजेडात घेतो." मामांनी काठीने फांदी वाकवली. वीतभरच. फोटो झकास आला. जावई "वा, बाबा!" म्हणाले आणि मामा दिवसभर हवेत होते.

सोमवारी फांदी रिकामी. मंगळवारी सकाळी मादी पलीकडच्या गाडीरस्त्यावर सापडली, चाकाखाली चिरडलेली. तिच्या पोटातली नऊ पिल्लं बाईंनी चौकीतल्या टेबलावर, कागदावर एकेक करून मांडली. मामांना लाज वाटली, मान वर करवेना इतकी.

"माझंच चुकलं, मामा," बाई म्हणाल्या. "मी रोज तिथे जाऊन उभी राहायचे. तिला त्रास झाला असणार. तसं लिहून देते आणि हे काम सोडते."

सांगावं तर तीस वर्षांची अब्रू मातीत. न सांगावं तर ही पोर नसता दोष घेऊन घरी जाणार.

"तुमच्यामुळे नाही झालं ते, मॅडम," मामा कसेबसे म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले. "तुम्ही असंच म्हणणार. फार चांगले आहात तुम्ही."

मामांनी तोंड उघडलं.

"चहा आणतो," असं म्हणून ते बाहेर निघून गेले.