चार नंबरच्या खाटेवरची पाटी

वर बघा. खाटेवर नाही, खाटेच्या डोक्याशी, भिंतीवर. दोन हुकांना लटकलेली, प्लास्टिकमध्ये बंद केलेली, वहीच्या पानाएवढी ती पांढरी पाटी म्हणजे मी. माझ्यावर एकच शब्द आहे, तोही लाल: उपाशी. या एका शब्दाच्या जोरावर मी डॉक्टरांना, प्राध्यापकांना आणि वॉर्डभरच्या नर्सेसना नाचवलं आहे. मला याचा अभिमान वाटायला हवा होता, पण वाटत नाही. माझ्यासारखी पाटी ज्यांना नाचवते, त्यांना मोठं तरी कसं म्हणायचं?

माझा जन्म याच इस्पितळाच्या तळघरातल्या छपाईच्या खोलीत झाला. त्या दिवशी आम्ही बऱ्याच बहिणी बाहेर पडलो. एकीवर लिहिलं होतं, हात धुवा. तिच्यासमोरून लोक तसेच निघून जातात. दुसरीवर होतं, फोन बंद ठेवा. तिच्या खाली उभे राहूनच लोक फोनवर बोलतात. तिसरी म्हणाली, एका रुग्णामागे दोनच पाहुणे. तिच्या नाकावर टिच्चून आयर्लंडातली आख्खी घरंच्या घरं आत शिरतात. मान मिळाला तो एकट्या मला. कारण मला मानायला कुणाला काही करावं लागत नाही. काही न करणं पुरतं.

इस्पितळ मात्र मोठं आहे हं, ते नाकारत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या पाच काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची, माणसं इथे येतात. बेटांवरून हेलिकॉप्टर येतं. इथे हृदय उघडतात, मूत्रपिंड बसवतात, मूठभर जिवाची बाळं जगवतात, आणि वर पुढचे डॉक्टरही घडवतात. दर मंगळवारी प्राध्यापक आठ-दहा विद्यार्थ्यांचा कळप घेऊन खाटेखाटेशी थांबतात. ज्ञान नुसतं ओसंडून वाहत असतं. तेवढं एक विचारायला कुणाला सुचत नाही, की बाई, जेवलीस का?

मला लावलं सेंट अट्रॅक्टा वॉर्डात, चार नंबरवर. माझं काम साधं होतं. ज्याची शस्त्रक्रिया असेल त्याच्या डोक्यावर लटकायचं, म्हणजे त्याला कुणी खाऊ घालणार नाही. माणूस शस्त्रक्रियेला गेला की मला उतरवायचं. मला उतरवायचं कुणी, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. नर्सला वाटायचं मदतनीस उतरवेल, मदतनिसाला वाटायचं नर्स.

ऑक्टोबरमधली, शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी जोडून आली होती तेव्हाची ही गोष्ट. शुक्रवारी दुपारी चार नंबरवरच्या बाईला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी खाटेसकट नेलं. मी भिंतीवरच राहिले. तासाभराने त्या रिकाम्या जागेत दुसरी खाट ढकलत आणली. तिच्यावर होती डेलिया मॅनियन, वय अठ्ठ्याहत्तर. पायाला जखम होऊन ती पिकली होती, म्हणून शिरेतून औषध द्यायचं होतं. शस्त्रक्रियेचा काही संबंध नव्हता. समुद्रकाठच्या एका वाडीत ती एकटी राहायची. दोन शेतं पलीकडे तिचा धाकटा भाऊ कोली. तोही एकटा, सोबतीला त्याच्या मेंढ्या.

संध्याकाळी ब्रीडा चहाची गाडी घेऊन आली. ब्रीडा म्हणजे वॉर्डाची अन्नदाती, तिच्या गाडीचा खडखडाट ऐकून मेलेलाही उठून बसेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी न थांबवताच म्हणाली, "तुला नाही हं राणी, तू उपाशी आहेस."

"असं होय," डेलिया म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तसंच."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? काही नाही. पण डेलिया ज्या पिढीतली, त्या पिढीला दोन गोष्टी लहानपणीच पक्क्या शिकवल्या होत्या. पाद्री आणि डॉक्टर यांना उलट विचारायचं नाही, ही एक. आणि उपास देवाला पोचतो, ही दुसरी. तिने माळ हातात घेतली आणि आपली भूक नवऱ्याच्या, कैलासवासी मार्टिनच्या आत्म्याला वाहून टाकली. पाच नंबरवरच्या बाईने बिस्किट पुढे केलं तर ही म्हणते कशी, "नको गं बाई, डॉक्टर रागावतील."

पुढे जे झालं ते सांगताना मला हसू येतं आणि संतापही येतो. शनिवारी सकाळी नर्सेसची पाळी बदलली. जाणारीने येणारीला खाटांची यादी वाचून दाखवली. चार नंबरपाशी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार, उपाशी." येणारीने ते कागदावर लिहून घेतलं. झालं! आता ते कागदावर आलं. कागद बघून सुट्टीच्या पाळीवरच्या डॉक्टरने फायलीत लिहिलं, रुग्ण उपाशी, सलाइन चालू ठेवा. फाइल बघून पुढच्या पाळीने ते पुन्हा कागदावर घेतलं. प्रत्येकाला वाटत होतं, कुणीतरी आपल्यापेक्षा शहाण्या माणसाने ठरवलं असणार. तो शहाणा माणूस म्हणजे मी. प्लास्टिकचा तुकडा!

शनिवारी डुकराचं मांस आणि कोबी होती, रविवारी भाजलेली कोंबडी. दोन्ही वेळा वास तिच्या नाकाखालून पुढे गेला. रविवारी दुपारी ती उठून संडासला जाताना भेलकांडली. सोमवारी तिने नर्सला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. सुट्टीच्या पाळीवरच्या डॉक्टरने लगेच लिहिलं: अशक्त, गोंधळलेली, एकटी राहण्यास असमर्थ.

नीट ऐका, कारण खरा घात इथे झाला. भूक भरून निघते. पण हे वाक्य फायलीत गेलं की माणूस घरी जात नाही, तो वृद्धाश्रमात जातो.

मंगळवारी प्रोफेसर लॅव्हेल आले, मागे विद्यार्थी. प्रोफेसरांचे बूट असे चकाकत होते की माझी लाल अक्षरं त्यात उलटी दिसावीत. "रक्तातली साखर कमी," ते म्हणाले. "का? विचार करा."

विद्यार्थ्यांनी विचार केला. एक म्हणाला स्वादुपिंडात गाठ. दुसरी म्हणाली यकृत. तिसऱ्याने एका ग्रंथीचं नाव घेतलं, जे त्याने आदल्या दिवशीच पाठ केलेलं असणार, इतका तो खूश दिसत होता. चौथा म्हणाला, "अतिदुर्मीळ असा एक—" आणि प्रोफेसर कौतुकाने हसले. मी त्यांच्या सगळ्यांच्या डोक्यावर हातभर उंचीवर लटकत होते.

"कसं वाटतंय, डेलिया?" प्रोफेसरांनी विचारलं.

"उत्तम, डॉक्टर," ती म्हणाली. तिचे ओठ फुटले होते. "माझी काही तक्रार नाही."

"बघितलंत? स्वतःच्या स्थितीची जाणीव नाही," प्रोफेसर विद्यार्थ्यांना म्हणाले. मग मुख्य नर्स असम्प्टाकडे वळून म्हणाले, "वृद्धाश्रमात जागा बघा."

दुपारी कोली आला. सुट्टीत त्याच्या रस्त्याला बस नसते, म्हणून चार दिवसांनी आला. टोपी हातात, बुटांना चिखल. बहिणीच्या तोंडाकडे त्याने एकदाच पाहिलं.

"काय खाल्लंस गं?"

"काही नाही रे. उपास आहे ना मला."

"कधीपासून?"

"शुक्रवार."

कोलीने वर पाहिलं आणि मला हळूहळू वाचलं. मग तो वॉर्डाच्या टेबलापाशी गेला आणि असम्प्टाला अगदी अदबीने म्हणाला, "सिस्टर, माझी मेंढी दोन दिवस खाईना झाली तर मी आधी तिच्या पुढ्यात चारा आहे का ते बघतो. मग मेंढ्यांच्या डॉक्टरला बोलावतो. तुमच्याकडे उलटं असतं का?"

असम्प्टाने फाइल चाळली. मागे, आणखी मागे, पार शुक्रवारपर्यंत. उपाशी ठेवा असा हुकूम कुठेच नव्हता. "ब्रीडा!" ती ओरडली. "चहा आणि टोस्ट! आत्ताच्या आत्ता!"

डेलियाने चार टोस्ट खाल्ले, लोणी दोन्ही बाजूंना लावून. खाताना ती रडत होती आणि माफी मागत होती. "किती पसारा करतेय बघ मी," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. कोलीने मला हुकांवरून काढलं आणि जाकिटाच्या आत सरकवलं. मी नाहीशी झाले हे वॉर्डात कुणाच्याही लक्षात आलं नाही.

गुरुवारपर्यंत डेलिया चालायला लागली. चहा पाणचट आहे म्हणून ब्रीडाला ऐकवूही लागली. आणि त्याच गुरुवारी तिला वृद्धाश्रमात पाठवण्याची बैठक होती! जागा मिळाली होती, तिच्या घरापासून साठ किलोमीटरवर. अर्ज भरलेला होता. टेबलाच्या एका बाजूला प्रोफेसर, असम्प्टा आणि समाजसेविका मिसेस फाही. दुसऱ्या बाजूला कोली. मी त्याच्या छातीशी, लोकरीच्या आणि मेंढीच्या वासात.

"तुमची बहीण दुर्बळ आहे," प्रोफेसर म्हणाले. "गोंधळते."

"आता नाही गोंधळत."

"सुधारणा आहे, मान्य. पण फायलीत जे नोंदलं आहे ते—"

"का गोंधळली ते नोंदलंय का?"

मिसेस फाहीने असम्प्टाकडे पाहिलं, असम्प्टाने खिडकीकडे. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! दोन दिवस माहीत होतं, आणि एकाही शिकलेल्या हाताने ते कागदावर उतरवलं नव्हतं. चूक लिहायची म्हणजे ती कुणाची तेही लिहावं लागतं. त्यापेक्षा म्हातारीला साठ किलोमीटर लांब टाकणं सोपं.

कोलीने जाकीट उघडून मला टेबलावर ठेवलं. "हा तिचा आजार," तो म्हणाला.

असम्प्टा पटकन म्हणाली, "ही वॉर्डाची वस्तू आहे."

"घ्या की परत. मला काय करायचीय?" कोली म्हणाला. आयुष्यात त्याने कुठल्या डॉक्टरला उलट उत्तर दिलं नसेल. "डॉक्टर, मी कुणाकडे जाणार नाही, कुणाचं नाव घेणार नाही. तिचं घर आहे, कोंबड्या आहेत, मार्टिनची कबर तिच्या दारातून दिसते. तेवढंच आहे तिच्याकडे. तुम्ही एक ओळ लिहा. चार दिवस तिला जेवण दिलं नाही, म्हणून ती गोंधळली. बस."

प्रोफेसरांनी पेन काढलं. मग लिहिलं: रुग्णाने चार दिवस अन्न घेतले नाही. आता घेत आहे. घरी पाठवण्यास हरकत नाही.

घेतले नाही म्हणे! जणू म्हातारीच रुसून बसली होती. कोलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टोपी डोक्यावर चढवली. बहीण घरी येत होती. त्या ओळीवर भांडत बसला असता तर ती ओळही गेली असती. एवढी अक्कल मी त्या खोलीत दुसऱ्या कुणापाशी पाहिली नाही.

डेलिया घरी गेली, आणि मला जंतुनाशक कापडाने पुसून परत चार नंबरवर लावलं.

तीन आठवड्यांनी डेलिया पाय दाखवायला आली, तेव्हा वॉर्डात डोकावली. स्वतःच्या पायांनी चालत, ठेवणीतला कोट घालून. हातात बिस्किटांचा भला मोठा डबा, वर एक कार्ड. असम्प्टाने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: "सेंट अट्रॅक्टाच्या सर्व मंडळींना. तुम्ही माझी इतकी काळजी घेतलीत. तुम्हाला त्रास दिला त्याबद्दल क्षमा असावी."

"किती गोड बाई," असम्प्टा म्हणाली. डबा टेबलावर उघडला. प्रोफेसरांनी जाता जाता चॉकलेटचं बिस्किट उचललं, विद्यार्थ्यांनी दोन-दोन. संध्याकाळच्या आत डब्याचा तळ दिसला. कार्ड अजून भिंतीवर टाचलेलं आहे. तिथे आलेल्या पाहुण्यांना ते आवर्जून दाखवतात.

मी अजून इथेच आहे. कोपऱ्यातलं माझं प्लास्टिक सुटायला लागलंय, पण लाल रंग काही फिका पडत नाही. काल दुपारी चार नंबरवरचा रुग्ण शस्त्रक्रियेला गेला आणि खाट बदलली. नवी बाई शाळेतून निवृत्त झालेली आहे, छातीत कफ भरलाय म्हणून आली. तिची शस्त्रक्रिया नाही. मला काढायला कुणी विसरलंय, की अजून कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कुणास ठाऊक. आज सकाळी गाडी तिच्यापाशी थांबली नाही. तिने मान वळवून मला वाचलं, आणि निमूटपणे चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

बाई, अहो बाई! शहाण्यासारख्या गप्प पडू नका. उत्तम आहे म्हणून सांगू नका. उठा, वॉर्ड डोक्यावर घ्या, माझं नाव घेऊन ओरडा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.