रडणारी फटफटी

कामोठे गावात गुणाबाईच्या अंगणात त्या शनिवारी संध्याकाळी एवढी गर्दी झाली होती की परक्याला वाटावं, घरात साखरपुडा आहे. पण सगळ्यांच्या माना खाली होत्या. मधोमध एक जुनी मोटारसायकल उभी. टाकीवर हळदकुंकू, हँडलला रुईच्या पानांची माळ आणि इंजिनाखाली स्टीलची ताटली. ताटलीत टप्प... टप्प... काळं तेल ठिबकत होतं.

"रडतोय! बघा गो बायांनो, रडतोय!" शेजारच्या रंभानं पदर डोळ्यांना लावला.

रडत होता म्हणे जीवन. गुणाबाईचा एकुलता एक मुलगा, गेल्या होळीच्या आधी आजारपणात गेला. ही फटफटी त्याची. तो गेल्यावर, या दिवाळीपासून ती गळायला लागली, आणि गळणाऱ्या गाडीला गावात एकाएकी देवपण आलं. रंभानं ताटलीतलं तेल गुडघ्याला चोळलं होतं आणि गुडघा हलका झाला होता. मग काय! बाया वाट्या घेऊनच येऊ लागल्या.

जीवनची बायको किशोरी पायरीवर हेल्मेट मांडीत घेऊन बसली होती. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात ती कामाला होती. घरात येणारा पगार तेवढा एकच. यार्डाच्या दारापर्यंत धड बस नाही, म्हणून ती रोज हीच गाडी हाकत जायची. जीवननंच तिला शिकवली होती. आत्ताही ती तासाभराच्या रस्त्यावरून धूळ खात आली होती आणि तिला चहासुद्धा कुणी विचारला नव्हता.

गाडीसमोर दीनानाथ भगत उभा होता. गळ्यात कवड्यांची माळ, खिशात मोबाइल.

"आत्म्याला डोले नसतात!" भगत गरजला. "मंग तो रडंल कुठून? लोखंडातून रडंल! इंजिन म्हंजे काय? गाडीचं कालीज. आन कालीज कुनाचं? ज्याची गाडी त्याचं!"

गर्दीनं माना डोलावल्या. यमक जुळलं की आपल्याकडे पुरावा मिळाला असं समजतात.

"आन रडतो कशापायी? बाईमानूस मर्दाच्या फटफटीवर टांग टाकून बंदरात जाते! ते त्याला बघवत नाय. परेश, तू बसला व्हतास ना रे? देवलापरेंत जाऊन आलास ना?"

जीवनचा चुलतभाऊ परेश एका दुपारी, गाडी थंड असताना, अशीच चक्कर मारून आला होता. आता भगतानं ती आठवण सगळ्यांना करून दिली. "तवा पडला एक तरी थेंब? नाय! आन ही बसली का पडतो!"

"अहो, इंजिन गळतंय," किशोरी उठून म्हणाली. "साधं गळतंय. पनवेलच्या इलियासभाईंनी खालचा बोल्ट आणि वॉशर बदललाय. दोनदा."

"बदललाय ना?" भगत गोड हसला. "मंग थांबलं का?"

गर्दी खो खो हसली. किशोरीच्या कानशिलाला आग लागली. थांबलं नव्हतं, हेच तर तिचं दुखणं होतं. खोट्यानं तिला एवढं छळलं नसतं, पण त्या खोट्याच्या हाती तिचाच एक खरा मुद्दा सापडला होता.

भगतानं निकाल दिला. आठवडाभर सुनेनं गाडीला हात लावायचा नाही. तेल थांबलं तर समजायचं की कौल खरा. मग पुढच्या शनिवारी गाडी त्याच्या मठात द्यायची, तो आत्म्याला बांधून ठेवील. आणि सुनेनं वर्षश्राद्धापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. त्यानं मूठभर अंगारा घेतला आणि इंजिनाला वरपासून खालपर्यंत फासला.

गुणाबाईनं हात जोडले. किशोरीला तिचा राग आला, आणि त्या जोडलेल्या हातांकडे बघून रागही धड करता येईना.

पुढचे दिवस वैतागाचे गेले. रिक्षा, मग एसटी, मग कुणाच्या तरी ट्रकला हात. रोज उशीर. साहेबांनी सांगितलं, अजून एकदा उशीर झाला तर दुसरी मुलगी बघतो. आणि इकडे गाडी ठणठणीत कोरडी! गुणाबाई रोज सकाळी इंजिनाखाली बोट फिरवायची आणि ते कोरडं बोट सुनेला दाखवायची.

"बघ. शांत झाला माझा पोर."

किशोरीला वाटे, गाडी उचलून खाडीत टाकावी आणि मागोमाग भगताला.

शुक्रवारी एसटी चुकली. तिनं सरळ हेल्मेट घातलं आणि सासूच्या हाकांकडे न बघता किक मारली. वेळेत पोहोचली. परत येताना पनवेलला स्टँडमागच्या इलियासच्या गॅरेजवर गाडी लावते तोच टप्प... टप्प... सुरू.

इलियास पाना घेऊन खाली आडवा झाला. "भाभी, खुदा कसम, हा बोल्ट कसा गळतो तेच कळत नाही. परत नवा टाकतो."

"थांबा!" किशोरी खेकसली आणि तीही उकिडवी बसली.

इंजिनावर भगताचा अंगारा तसाच होता. राखाडी, पिठासारखा. खालच्या बोल्टाशी तो भिजून काळा झाला होता. पण काळं तिथंच संपत नव्हतं. अंगाऱ्यातून एक ओला ओघळ वर गेला होता, इंजिनाच्या कडेच्या पात्यापात्यांतून थेट माथ्यावरच्या गोल झाकणापर्यंत. झाकणाच्या वरचा अंगारा मात्र कोरडा होता.

"इलियासभाई, तेल खालून वर चढतं का?"

"नाही."

"मग हे वर ओलं कसं?"

इलियासनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! टॅपेटचं झाकण! गळतं वर, ओघळतं खाली, टपकतं बोल्टावरून. आणि मी बोल्टाच्याच मागे!"

"दोनदा बोल्ट बदललात, तेव्हा वर बघायला मान मोडली होती का तुमची?"

तो ओशाळून हसला. मग त्यानं समजावलं: इंजिन चालू झालं की पंप तेल वर चढवतो. इंजिन तापलं की तेल पातळ होतं, आणि झाकणाखालची रबरी रिंग कडक झालेली असली की तिथून वाट काढतं. गाडी उभी असेल तर वर तेलच नाही. देवळापर्यंतच्या चकरेत इंजिन तापतच नाही.

किशोरीला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. परेश कोरडा, ती ओली, याचं सगळं कारण एवढंच! तो जवळ गेला, ती लांब.

इलियासनं ड्रॉवरमधून नवी रिंग काढली.

"आज बदलू नका," किशोरी म्हणाली. "उद्या संध्याकाळी कामोठ्याला या. तिथं बदला."

"गाडी गळतीच ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," इलियास म्हणाला.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. सुनेनं गाडीला हात लावला आणि जीवन पुन्हा रडला, हे गावभर झालं होतं. किशोरीनं रॉकेलनं इंजिन लख्ख धुऊन ठेवलं होतं.

"भगतबाबा, चुकले," ती म्हणाली. "घेऊन जा गाडी. फक्त तुमच्या हातानं नवा अंगारा लावा आणि सगळ्यांसमोर एकदा चालवून दाखवा. तुम्ही पुरुष, त्यात भगत. तुमच्यासाठी तो रडायचा नाही."

भगत खुलला. त्यानं अंगारा फासला. "हा बघ देवलापरेंत गेलो आन आलो."

"देवळापर्यंत कशाला? पनवेलपलीकडच्या पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन या. परेश मागे बसेल. मठ काय देवळात आहे? तिथवर लांबच न्यायची आहे ना गाडी?"

"जावा की बाबा!" गर्दी ओरडली. फुकटची फटफटी डोळ्यांसमोर दिसत असताना नाही कोण म्हणेल? भगत गॉगल लावून निघाला.

परत आला, ऐटीत स्टँड लावला. गुणाबाईनं ताटली सरकवली. सगळे वाकले.

टप्प.

पुन्हा टप्प, टप्प.

"अगो बाय!" रंभा म्हणाली. "भगतासाटी पन रडतोय!"

"बाबा," परेश हळूच म्हणाला, "जीवनदादा तुमचा कोन लागत होता?"

अंगण हसण्यानं फुटलं. भगत लालबुंद झाला. "हिनं धुतलं म्हून इटाल झाला! हिनं..."

"अंगारा तुमचाच आहे ना?" किशोरीनं बॅटरीचा झोत टाकला. "तोच सांगतोय. हा ओघळ बघा. कुठून निघालाय? या रंभाताई, बोट लावा."

इलियासनं झाकण उघडलं आणि आतली रिंग तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. चपटी, कडक, एका जागी चिरलेली. माणसं ती हातोहात बघत होती तोवर भगत चपला हातात घेऊन सटकला.

"मंग माजा गुडगा?" रंभानं विचारलं.

"चोळल्यानं बरं वाटलं. आता खोबरेल चोळा, लुगडी तरी काळी होणार नाहीत."

नवी रिंग बसली. किशोरी पनवेलपर्यंत जाऊन आली. ताटली कोरडी राहिली. माणसं जरा हिरमुसूनच पांगली. चमत्कार गेला की गावाला चुकल्यासारखं होतं.

गुणाबाई मात्र तिथंच बसून होती, रिकाम्या ताटलीकडे बघत.

"आता तो रडत पन नाय," ती म्हणाली. "तेवढाच व्हता माझ्यासंगं."

किशोरीचा आठवडाभराचा सगळा राग त्या एका वाक्यानं गळून पडला. सासूनं भगतावर विश्वास ठेवला तो अडाणीपणानं, असंच ती धरून चालली होती. ती खाली बसली.

"आई, जीवनसाठी रडायचं तर आपण दोघी रडू. ते काम इंजिनाला कशाला? इंजिनाच्या नावानं रडलो तर कुणीही येऊन त्याचा अर्थ सांगतो, आणि गाडी घेऊन जातो."

मग दोघी खरंच रडल्या. कितीतरी महिन्यांनी, एकत्र.

भगत असे सगळीकडे आहेत आणि गळती तर घरोघर आहे. तेव्हा लोकहो, कुठं काही ठिबकायला लागलं तर हात जोडायच्या आधी एक करा: पुसा, आणि मग ओघळ कुठून येतो ते बघा. जिथं दिसतं तिथंच कारण असतं असं नाही.

सोमवारी सकाळी गुणाबाई, जीवन गेल्यापासून घरात पालथी पडलेली मासळीची पाटी घेऊन, गाडीपाशी आली. तिनं वाकून बोट फिरवलं, खाली नाही, वरच्या झाकणाभोवती. बोट बघितलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली आणि सुनेच्या मागे बसली. "चल, मला पनवेलच्या बाजारात सोड, आन मंग तुझ्या बंदरात जा."