या घराचे इंच

मित्रांनो, ती गेल्याचे कळले त्या सकाळी मी शिवणाच्या मशीनवर गुंडाळी होऊन पडले होते. तिचा नवरा कपाटापुढे उभा होता. दवाखान्यात तिच्या पायांना थंडी वाजते म्हणून लोकरीचे मोजे न्यायला तो घरी आला होता. मोजे त्याला सापडत नव्हते. या घरात कुठली वस्तू कुठे असते ते फक्त तिला ठाऊक होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे त्याची मुलगी होती. त्याने ऐकून घेतले आणि "हो" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा "हो" म्हणाला. फोन ठेवून तो मशीनपुढच्या स्टुलावर बसला. ते स्टूल त्यानेच तिच्या उंचीला बेताचे बनवले होते. तो त्यावर पूर्वी कधी बसला नव्हता. त्याचे गुडघे पार वर आले.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरले. मी मशीनवरून बघत होते. शेजारीण आली, तिच्या अंगात आमच्या हातचा स्वेटर होता. टपाल कचेरीतल्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या खांद्यांवरच्या पिशव्या आम्ही शिवलेल्या. जावयाच्या गळ्यात आमचा मफलर. जो येत होता त्याच्या अंगावर तिचे काहीतरी होते, आणि त्यातल्या प्रत्येकाचे माप मी घेतलेले होते.

मुलीने हळूच विचारले, "बाबा, आईला काय घालायचं? तिने स्वतःसाठी शिवलेलं काहीतरी द्या. तिला आवडलं असतं."

त्याने कपाट उघडले. वरचा खण पाहिला, खालचा पाहिला. मग मशीनमागच्या खुंटीवरून एक मरून रंगाचे जॅकेट काढले. त्याला बाह्या नव्हत्या. दोन्ही कडांना टाचण्या लावलेल्या होत्या.

"हे एवढंच आहे," तो म्हणाला.

मुलीने ते हातात घेतले आणि परत खुंटीवर अडकवले. शेवटी तिला दुकानातून आणलेलीच साडी नेसवली.

मी कोण, ते सांगायचे राहिलेच. मी शिवणकामाची टेप आहे. कापडाची, वरून मेणासारखा थर दिलेली, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर छापलेली. माझ्या दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या आहेत. एका पट्टीवरची चकाकी कधीच गेली, कारण तिची ती पट्टी दातांत धरायची सवय. दोन्ही हात कामात असले की मी तिच्या तोंडात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मशीनमधून आम्ही लांबच लांब निघायचो आणि मग साठ साठ इंचांवर कापल्या जायचो. माझ्या सगळ्या बहिणी माझ्याएवढ्याच होत्या, रेसभरही कमी-जास्त नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता. पुढे बटणांच्या आणि दोऱ्यांच्या एका दुकानात तिने मला उचलले. संसार नवा होता. मशीनही तिने नुकतेच घेतले होते.

शिवण हा तिचा धंदा नव्हता. ती दिवसा टपाल कचेरीत काम करायची. घरी येऊन हातपाय धुतले की मशीनपुढे बसायची किंवा विणायला घ्यायची. कुणाला बाळ होणार असे कळले की लोकर आणायची. कुणी खोकताना दिसले की त्याच्या गळ्याचे माप घ्यायची. "कशाला त्रास घेता?" असे लोक म्हणायचे, आणि म्हणता म्हणता हात वर करून उभे राहायचे.

मित्रांनो, माणसे माझ्यापुढे फार खोटेपणा करतात. तिचा नवरा सुतार. मापाचा पक्का माणूस. पण सदऱ्याचे माप द्यायचे म्हटले की तो पोट आत ओढायचा.

"श्वास सोडा," ती म्हणायची.

"सोडलाय."

"अहो, सदरा दिवसभर घालायचाय. दिवसभर असेच उभे राहणार का?"

मग तो श्वास सोडायचा आणि मी दोन इंच पुढे सरकायचे. ती फक्त हसायची. पट्टी दातांत असल्यामुळे तिला नीट हसताही यायचे नाही.

आता मला थापाडी हे नाव कसे पडले ते ऐका, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. एकदा सुताराला फळ्यांचा भारा सायकलवर बांधून न्यायचा होता आणि दोरी मिळत नव्हती. घाई होती. त्याने मशीनवरून मला उचलले, भाऱ्याला दोन वेढे दिले आणि पाय लावून करकचून आवळले. संध्याकाळी मी घरी परत आले तेव्हा माझ्या अंगावरचा थर जागोजागी तडकला होता. तिने मला सरळ करून पाहिले आणि त्या रात्री नवऱ्याशी अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपली पोलादी टेप आणली. ती डबीतून सर्रकन बाहेर येते आणि खटकन आत जाते. त्याने आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. माझे साठ जिथे संपले, तिथे तिचे साडेएकसष्ट होते.

"दीड इंचाची थाप मारते ही," तो म्हणाला. "थापाडी झाली. फेकून दे, नवी आणतो."

"मुळीच नको."

"अगं, खोटी टेप काय कामाची?"

तेव्हा तिने जे सांगितले ते त्या पोलादी बाईसाहेबांनीही ऐकून ठेवावे असे होते. ती म्हणाली, "माप हिच्यानेच घ्यायचं आणि कापड हिच्यानेच कापायचं. मग खोटं कुठे राहिलं? आता घरात नवी टेप आली तर मात्र गोंधळ होईल."

आणि तसेच झाले. तिने मापे कधी लिहून ठेवली नाहीत. सगळी तिच्या डोक्यात असायची आणि ती सगळी माझ्या इंचांत असायची. बाहेरच्या जगाचे इंच वेगळे, या घराचे इंच वेगळे. फक्त एकदा चूक झाली. परगावी राहणाऱ्या मुलीने जावयाचे माप तिथल्या टेपने घेऊन फोनवर सांगितले, आणि तिने माझ्यावर मोजून स्वेटर विणला. जावई तो घालून आला आणि म्हणाला, "सासूबाई, यात अजून एक पाहुणा मावेल." त्यानंतर पुष्कळ दिवस घरात कुठली वस्तू जागेवर नसली की थापाडीने नेली असेल असे म्हणायची पद्धत पडली. मला त्याचे वाईट वाटायचे नाही. घरातले नाव मिळाले म्हणजे आपण घरातलेच झालो.

वर्षे गेली. तिची नोकरी संपली. निरोपाच्या दिवशी कचेरीतल्या मैत्रिणींनी तिला जाड मरून कापड दिले आणि बजावले, "हे तुझं. दुसऱ्या कुणाला शिवून दिलंस तर बघ." तिने ते घडी करून कपाटात ठेवले. दर हिवाळ्यात ते बाहेर निघायचे आणि परत आत जायचे, कारण दर हिवाळ्यात आधी दुसऱ्याच कुणाला तरी थंडी वाजायची. शेवटी नवऱ्यानेच ते कापड टेबलावर आणून टाकले. "ह्या वर्षी माझा स्वेटर राहू दे. आधी हे कर," म्हणाला.

त्या दिवशी कितीतरी वर्षांनी ती आरशापुढे उभी राहिली आणि मला आपल्याच कमरेभोवती गुंडाळले. मित्रांनो, इतकी वर्षे मी तिच्या गळ्यात राहिले, पण तिच्या कमरेला क्वचितच गेले होते. तिला तिचे जुने माप पाठ होते. माझ्यावर तेवढे आले नाही. पुष्कळ कमी आले.

"अहो, जरा बघा हो. किती दिसतंय?"

त्याने चष्मा लावून वाचले. "एवढंच? तरुण झालीस की."

"तरुण कसली. तुम्ही त्या फळ्यांना बांधून ताणलीत, ती अजून ताणली जातेय. म्हणून कमी दाखवते."

"मग आता तरी नवी आणू?"

"राहू द्या. माझं माप मला माहीत आहे."

आणि तिने जुन्या मापाने कापड कापले. पाठ कापली, पुढच्या दोन बाजू कापल्या, कच्चे टाके घातले आणि अंगात घालून पाहिले. जॅकेट तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखे लोंबले.

"बघा," ती म्हणाली. "टेप ताणलेली, म्हणून कापड जास्त कापलं गेलं. दोन्हीकडून ह्या थापाडीनेच फसवलं."

हिशोब तंतोतंत जुळत होता. ताणलेली टेप अंगावर कमी दाखवते आणि कापडावर जास्त देते. दोघांनाही ते पटले. तो मागे उभा राहून तळहातावर टाचण्या धरून एक एक देत होता आणि ती कडा आत घेत होती. टाचण्या देता देता त्याला तिच्या मानेची हाडे दिसली असणार, कारण तो म्हणाला, "जरा खात जा गं."

"खाते की," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात होते. मला वाचा नाही. मला आकडेच आहेत, आणि माझा आकडा मी सांगितला होता. मी त्या सायकलीच्या भाऱ्यानंतर रेसभरही ताणले गेले नव्हते. पण ज्याचे नावच थापाडी, त्याचा आकडा कोण मनावर घेतो?

पुढे ती मशीनवर बसली की थोड्या वेळाने चाकावर हात ठेवून थांबायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपी निसटून पडू लागली. तिने टोपीत कापसाचा बोळा घातला आणि काम चालू ठेवले. बाह्या कापल्या, पण जोडल्या नाहीत. "उद्या लावते," म्हणाली. मग एके दिवशी ती जिन्यात बसली आणि उठेना, तेव्हा तिला दवाखान्यात नेले.

तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. पण त्या संध्याकाळी मुलगी आणि वडील या खोलीत आले, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टर विचारत होते, आई इतकी बारीक कधीपासून झाली? आधी आला असतात तर काही करता आलं असतं, म्हणाले. तुम्ही दोघंच घरात असता. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, टेप..."

मुलीला काही कळले नाही. तिने त्याला पाणी आणून दिले.

ती घरी परतलीच नाही. माणसे आली तशी गेली. मुलगी काही दिवस राहून आपल्या घरी गेली. घरात तो आणि मी उरलो. एका दुपारी तो आपली पोलादी टेप घेऊन आला. त्याने मला उलगडले, हाताने सपाट केले आणि आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कधीकाळी ठेवले होते तसेच. माझे पहिले टोक त्याने अंगठ्याने दाबून धरले आणि दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेले. वाकून पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

दीड इंच. पूर्वी होता तेवढाच.

त्याने पोलादी टेप डबीत जाऊ दिली. मग मला म्हणाला, "तू थाप मारली नव्हतीस."

मित्रांनो, मला इतक्या वर्षांनी खरे ठरवले गेले. त्यात मला काही आनंद झाला नाही. त्या दिवशी मी खोटी निघाले असते, तर त्याला रात्री झोप लागली असती.

परवा शेजारीण आली. तिने जॅकेट खुंटीवर पाहिले. "भाऊजी, द्या माझ्याकडे. बाह्याच लावायच्यात ना? माझ्याकडे टेप आहे. चांगलं कापड फुकट जाईल. तुमच्या मुलीला होईल."

"कुणाच्या मापाने लावणार?" त्याने विचारले.

तिने टाचण्यांवरून बोट फिरवले. म्हणाली, "मग निदान टाचण्या तरी काढा. गंजतील, कापडाला डाग पडतील."

"काढतो," तो म्हणाला.

मित्रांनो, मला मुलांना फार उपदेश करता येत नाही. एवढेच सांगते. तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांची मापे घेते, त्याचे माप घ्यायला कुणी नसते. ते तुम्ही घ्या. ते बारीक झाले, दमले, जेवताना ताट सरकवू लागले, तर त्याचा दोष टेपला, चष्म्याला, हवेला किंवा वयाला देऊन हसून सोडून देऊ नका. आपली टेप खोटी आहे असे वाटले, तर ती दुसऱ्या टेपशेजारी लावून बघा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. पोलादी टेप शेजारच्याच खोलीत, हत्यारांच्या पेटीत होती.

माझ्या घडीवर आता धूळ बसते. तो मला रोज उचलतो, पुसतो आणि परत ठेवतो. त्याला शिवता येत नाही. एकदा त्याने सुईत दोरा ओवून पाहिला, तो ओवला गेला, आणि त्याने सुई तशीच दोऱ्यासकट सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवली.

जॅकेट खुंटीवर आहे. दोन्ही बाह्या कापून मशीनच्या खणात ठेवलेल्या आहेत. त्या लावायच्या राहिल्या आहेत. टाचण्याही काढायच्या राहिल्या आहेत.