रिकामा राहिलेला पिंजरा

मित्रांनो, माझ्यापाशी येण्याची वेळ तुमच्यावर कधी न येवो. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टातला जुना पिंजरा आहे. आरोपीला ज्यात उभं करतात, तो. निजामाच्या अमदानीत सिताराम सुताराने मला सागवानात घडवलं. "ह्यात उभं ऱ्हायलं की भल्याभल्याची मान खाली जायला पायजे," असं तो म्हणे. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

पुढे राज्य बदललं, झेंडा बदलला, माझी जागा काही हलली नाही. दरोडेखोर आले, बांधावरून डोकी फोडणारे आले. वकील माझ्याकडे बोट दाखवून तावातावाने बोलत आणि मी तोऱ्यात उभा असे. पण कधीमधी एखादं पोरही माझ्यात उभं केलं जाई. कठड्याआड त्याचे नुसते केस दिसत. तेव्हा मला लाज वाटायची. पण लाकडाला विचारतो कोण?

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात मुंजाजीला आणलं. सेलूकडच्या एका जिनिंगच्या आवारात सांडलेला कापूस त्याने वेचून नेला होता, धाकट्या बहिणीच्या वाकळीत भरायला. पोरगं ताडमाड वाढलेलं, ओठावर लव फुटलेली. हवालदार भुजंगरावांनी त्याची उंची पाहिली आणि कागदावर वय ठोकून दिलं, एकोणीस. तेवढ्यावर तो अट्टल चोरांच्या संगतीला तुरुंगात जाणार होता.

हवालदार त्याला माझ्याकडे आणू लागले, तशी त्याची आई कस्तुराबाई माझ्या दारात आडवी उभी राहिली.

"माझं लेकरू ह्यात चढायचं न्हाई."

"बाई, बाजूला हो," भुजंगराव गुरगुरले. "केवढा घोडा झालाय, दिसंना का तुला?"

मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढला. "बाई, वयाचा काही पुरावा आहे?"

"हाय की, सायब. नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या दिवाळीत आमी घरातले देव दुधना नदीत सोडले. देवाची पाटी माझ्या डोक्यावर व्हती आन् हे पोटात, सातवा महिना लागलेला. आता करा तुमीच हिशोब. आमचं ते साल कोण खोडतंय, बघतेच मी."

साहेबांनी छप्पन सालापासून बोटांवर वर्षं मोजली. शिवाय डॉक्टरांकडून तपासणी करवली. त्यांनीही वय चौदाच्या आसपास सांगितलं.

मग साहेबांनी काळा कोट काढून ठेवला आणि मागच्या खोलीत साध्या खुर्चीवर बसले. मुलांच्या कायद्याप्रमाणे चौकशी अशीच व्हायची होती. बेडी नाही, बघ्यांची गर्दी नाही, मुलाला आरोपी म्हणायचं नाही. भुजंगरावांना वर्दी उतरवून साध्या सदऱ्यात यावं लागलं, आणि खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. चौकशी होईपर्यंत मुंजाजी तुरुंगात नाही, निरीक्षणगृहात राहिला. तिथं त्याच्यासारखीच मुलं असतात. परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरी जाऊन त्याची हकीकत समजून घेणारे अधिकारी, ती वाकळ स्वतः बघून आले. शेवटी साहेबांनी मुंजाजीला समज दिली आणि त्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आईच्या हवाली केलं.

जाता जाता कस्तुराबाईने माझ्या कठड्यावर थाप मारली. "ऱ्हा आता असाच रिकामा," ती म्हणाली. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

आता नवं फर्निचर आलंय आणि मी मोडक्या बाकांबरोबर अडगळीत पडलोय. परवा बन्सीधर शिपाई म्हणत होता, ह्याला रंग देऊन परत मांडायला पायजे. मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून गळा काढतात. मी काढणार नाही. मला वाळवी खाऊ दे, नाहीतर माझं सरपण करा. जपायचीच असतील तर लेकरं जपा. आणि मला पुन्हा मांडून कुणी एखादं लेकरू माझ्यात चढवायला आणलंच, तर आत्ताच सांगून ठेवतो, दार उघडणार नाही. लाकूड आहे मी, फुगून बसेन. रिकामा राहा, असं मला कस्तुराबाईने सांगितलंय.